माळ पडीक कोणी ठरवला?

हवामानबदलावरच्या कुठल्याही परिसंवादाची पत्रिका उघडून पाहावी. सकाळी भौतिकशास्त्र, मग पाणी, मग ऊर्जा, जेवणानंतर धोरण आणि वित्त. इतिहास, साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकवणारं कोणी बोलावलंच असेल तर त्याचं नाव आभारप्रदर्शनाच्या जरा वर सापडतं, आणि विषय बहुधा ‘निसर्ग आणि कविता’ असा असतो. या मांडणीमागे एक युक्तिवाद आहे आणि तो जाणती माणसं अगदी मनापासून करतात. तापमान वाढतंय ते वातावरणात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. त्या वायूच्या रेणूला जात नाही, भाषा नाही, भूतकाळ नाही. प्रश्न मोजमापाचा आहे, उत्तर तंत्रज्ञानाचं. मानव्यविद्यांनी फार तर लोकजागृती करावी.

रेणूबद्दल माझा काहीच वाद नाही. तो भौतिकशास्त्रज्ञांचा प्रांत आणि त्यांनी तो चोख सांभाळला आहे. माझा वाद रेणूपासून जमिनीपर्यंत उतरताना मध्ये जे घडतं त्याबद्दल आहे. कार्बन शोषायचा तर झाडं लावायची, असं ठरतं. कुठे लावायची? रिकाम्या जागेवर. रिकामी जागा कोणती? इथे हवामानाची सगळी प्रारूपं गप्प होतात. उत्तर महसुलाच्या दप्तरात असतं. ते कोणी, कधी आणि कशासाठी लिहून ठेवलं हे न विचारता आपण खड्डे खणायला घेतो.

इंदापूर तालुक्याचंच उदाहरण घेऊ. १८२०च्या दशकात आर. के. प्रिंगल नावाचा कंपनीचा अधिकारी दख्खनच्या जमिनीची मोजणी करायला निघाला. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात तो तेव्हाचं ताजं अर्थशास्त्र शिकून आला होता आणि डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याने प्रमाण मानला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न किती, मशागतीचा खर्च किती, खर्च वजा जाता हाती काय राहतं आणि त्यातले ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशोब. आकडेमोड कमालीची बारीक. १८३० साली त्यानुसार सारा लागू झाला आणि थोड्याच वर्षांत इंदापूरचे शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. एक वर्ष आड पाऊस दगा देतो अशा मुलखात ‘सरासरी निव्वळ उत्पन्न’ हा आकडा कागदावरच खरा होता. खालच्या कारकुनांनी मोजणीत हात मारले, ही तक्रार वेगळीच. शेवटी १८३६पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नव्याने मोजणी केली, सारा उतरवला, मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीच्या प्रती ठरवल्या. ती पद्धत पुढे इलाखाभर गेली. आपला सातबारा त्याच घराण्यातला.

प्रिंगल मूर्ख नव्हता. त्याच्या काळातलं सर्वांत प्रगत शास्त्र तो वापरत होता. ज्या मुलखावर ते लावायचं त्या मुलखाचा अनुभव त्याच्या समीकरणात नव्हता, एवढीच अडचण. विंगेट-गोल्डस्मिड यांनी सारा सुधारला, पण त्यांची नजरही साऱ्याचीच होती. जी जमीन सारा देत नाही ती पडीक. शेतातला जो तुकडा पिकत नाही तो पोटखराबा. तिजोरीच्या सोयीसाठी मारलेला हा शेरा हळूहळू जमिनीचा स्वभाव म्हणून वाचला जाऊ लागला.

त्या ‘पडीक’ माळावर प्रत्यक्षात काय चाललं होतं? माण, खटाव, फलटण, इंदापूर, बारामती हा पर्जन्यछायेचा पट्टा. महाबळेश्वराला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथून शंभर किलोमीटरही पूर्वेला न जाता तो पाचशेवर येतो. पावसाळ्यात इथलं गवत कमरेला लागतं, उन्हाळ्यात कुसळं तेवढी उरतात. हटकर, खुटेकर धनगरांची खांडं पावसाळाभर या माळावर चरायची. दिवाळीनंतर वाडे कोकणाच्या वाटेला लागायचे, वाटेतल्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचे, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, आणि पहिला पाऊस कोकणात मेंढरांचे खूर कुजवायच्या आत माळावर परतायचे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी या लोकांबरोबर फिरून त्यांच्या ओव्या, सुंबरानं ध्वनिमुद्रित केली. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा हे देव या फिरतीशी कसे बांधलेले आहेत हे त्यांनी आपल्या ग्रंथात उलगडलं. त्यांच्या या ग्रंथाकडे धर्माभ्यासाचा ग्रंथ म्हणून पाहिलं जातं. मी तो जमीनवापराचा अहवाल म्हणूनही वाचतो, आणि कित्येक सरकारी अहवालांपेक्षा तो मला भरवशाचा वाटतो.

आता अलीकडे या. देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह ग्रामीण विकास मंत्रालयाचं भूसंसाधन खातं उपग्रहाच्या मदतीने २०००पासून वेळोवेळी काढतं. उपग्रह अत्याधुनिक आहे. पण खुरटी झुडपं आणि गवत असलेली जमीन त्यात ‘पडीक’ याच सदरात पडते, कारण सदर उपग्रहाने ठरवलेलं नाही. ते वर सांगितलेल्या घराण्यातूनच आलं आहे. मग २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन पावसाळ्यांत महाराष्ट्राने अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला, तेव्हा एवढी झाडं कुठे मावणार हा प्रश्न कोणाला फारसा पडला नाही. माळ होताच. माळावर चर खणले गेले, जेसीबीने गवताची मुळं उपटली गेली, रोपवाटिकेतली रोपं लागली, त्यांच्या रक्षणासाठी चराई बंद झाली. मध्य अमेरिकेतून आलेल्या गिरिपुष्पाची लागवड अशा ठिकाणी वर्षानुवर्षं होत आली आहे, कारण ते सहज जगतं आणि मोजणीत जिवंत दिसतं. आणि ज्या कार्बनच्या नावाने हे चालतं त्याचा हिशोब तरी जुळतो का? गवताळ प्रदेशातला बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. ती माती उलथून वर काठ्या रोवायच्या आणि त्याला हवामानावरचा उपाय म्हणायचं, हे भौतिकशास्त्रालाही मान्य होणार नाही.

लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, तणमोर यांना घनदाट जंगल नको असतं. माळढोकाला तर नकोच. सोलापूरच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होते. या पाखराला उघडं, दूरवर दिसणारं रान लागतं. आपण ‘ओसाड’ म्हणून ज्याची कीव करतो, तेच त्याचं घर.

यावर एक प्रामाणिक शंका येते. हा माळ मुळात जंगलच असेल. माणसाने तोड केली, गुरांनी चरून काढलं, म्हणून माळ झाला. तसं असेल तर झाडं लावणं म्हणजे केलेलं पाप फेडणं. शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर तत्त्वचर्चेने मिळणार नाही, पुराव्यानेच मिळेल. सातशे वर्षांपूर्वी या माळावर काय उगवत होतं? तेव्हा उपग्रह नव्हता, वनखातं नव्हतं, वनस्पतींची यादी करणारा कोणी नव्हता. ओव्या होत्या, चरित्रं होती, देवस्थानांच्या आख्यायिका होत्या.

२०२५ साली परिस्थितिकीचे अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक दिग्विजय पाटील यांनी हेच साहित्य चाळून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रांत, लोकगीतांत, पुराकथांत ज्या रानटी वनस्पती येतात त्यांची त्यांनी यादी केली. ४४ प्रजाती निघाल्या. त्यांतल्या २७ खास माळरानाच्या, १४ कुठेही उगवणाऱ्या, आणि जंगलाच्या म्हणाव्यात अशा फक्त ३. साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख काटेरी झाडं विखुरलेला गवताळ माळ होता, हे सांगायला याहून ठळक पुरावा तूर्त मला माहीत नाही. आणि तो मिळाला कुठे? वनस्पतिशास्त्राच्या विभागात नव्हे, मराठीच्या कपाटात.

इथे भुवया उंचावतात. ओवी म्हणजे पुरावा? उद्या कोणी गरुडाच्या उड्डाणावरून वाऱ्याचा वेग काढेल! हा उपहास मी ऐकला आहे आणि त्याला उत्तर द्यायला मला आवडतं. इतिहासाचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून एक गोष्ट शिकतो: साक्षीदार जे ठासून सांगतो त्यावर संशय घे, आणि जे बोलता बोलता सांगून जातो ते टिपून ठेव. पंढरपूरच्या देवळातलं तरटीचं झाड घ्या. मंगळवेढ्याची कान्होपात्रा विठ्ठलाच्या पायी देह ठेवते, तिथे तरटी उगवते, ही कथा. कथेतला चमत्कार इतिहासाने मानायचं कारण नाही. पण कथा सांगणाऱ्याला झाडाबद्दल खोटं बोलायचंही कारण नव्हतं. संतस्त्रीच्या समाधीवर त्याने मनात आणलं असतं तर चंदन उगवलं असतं, बकुळ उगवली असती. उगवली ती कोरड्या माळावरची काटेरी तरटी, कारण भीमेच्या काठावर ऐकणाऱ्याच्या ओळखीचं झाड तेच होतं. अशी एक कथा काहीच सिद्ध करत नाही. अनेक गावच्या, अनेक शतकांच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या कथा एकच रान दाखवू लागल्या की त्यांना पुरावा म्हणावंच लागतं. ही छाननी हे एक शास्त्र आहे, त्याला शिस्त आहे. शेवटच्या सत्रातल्या माणसाला ते येतं.

आणि हवामानशास्त्राला हे नवं आहे असं कोण म्हणतं? क्योतोच्या चेरीचा बहर नवव्या शतकापासून कधी कधी आला याची मालिका यासुयुकी आओनो यांनी दरबारी रोजनिशांतून उभी केली. २०२१ साली बहर २६ मार्चला आला आणि तो तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असं आपण म्हणू शकतो ते या रोजनिशांमुळे. पुष्पोत्सवाला निघालेल्या सरदारांनी तापमानाची नोंद म्हणून त्या लिहिल्या नव्हत्या. फ्रान्समध्ये ल रॉय लादुरी या इतिहासकाराने द्राक्षतोडणीच्या तारखांवरून १९६७ साली हवामानाचा इतिहास लिहिला. आपल्याकडे कुलाब्याची पावसाची मालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सलग मिळते. त्याच्या मागे जायचं तर जॉर्ज अॅडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी केलं तसंच करावं लागतं. पश्चिम भारतातला १७८१ ते १८६०पर्यंतचा मोसमी पाऊस त्यांनी जुनी वर्तमानपत्रं, पत्रव्यवहार, रोजनिशा वाचून उभा केला. म्हणजे ज्या आलेखांवर बोट ठेवून मानव्यविद्यांना बाहेर बसवलं जातं, त्यांतल्या काही आलेखांचा डावा अर्धा भाग जुन्या कागदपत्रांतूनच आलेला आहे.

हे सगळं ऐकून काही मित्र म्हणतात, ठीक, पुराव्यापुरतं मान्य. जुन्या पोथ्या वाचून आकडे काढून द्या, पुढचं आम्ही पाहतो. म्हणजे कारकुनी तुमची, निर्णय आमचा. इथेही माझं जमत नाही, आणि याचं कारण दुष्काळ आहे.

पाऊस न पडणं ही निसर्गाची घटना. माणसं मरणं ही व्यवस्थेची. १८७४च्या बिहारमधल्या टंचाईत रिचर्ड टेंपल याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने कामं काढली, आणि मृत्यू फार थोडे झाले. त्याबद्दल त्याची वाखाणणी व्हायला हवी होती. त्याला उधळ्या म्हणून टोमणे बसले. १८७७ साली तोच टेंपल मद्रास आणि मुंबई इलाख्यातल्या दुष्काळावर देखरेखीला आला तेव्हा त्याने धडा घेतलेला होता. कष्टाची कामं करणाऱ्याला दिवसाकाठी एक पौंड धान्याच्या हिशोबाने मजुरी, हे त्याचं माप. ते शास्त्रीय आहे असाच दावा होता. इकडे पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती जमवून सरकारला पत्रांमागून पत्रं पाठवत होती, आणि कामावरच्या लोकांनी त्या मापाविरुद्ध संपही केला. माणूस तोच, प्रशासन तेच, पावसाने दगा दोन्ही वेळा दिलेला. फरक पडला तो कोणत्या नुकसानीला नुकसान मानायचं यात: तिजोरीतला रुपया की माणूस? हा प्रश्न पर्जन्यमापकाला विचारून उपयोग नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने तो वेगळ्या रीतीने सोडवला. ऐन उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी कामांवर होती, खडी फोडत होती, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

त्याच दुष्काळाने विलासराव साळुंखे या अभियंत्याला पुरंदर तालुक्यातल्या नायगावला नेलं. ते अभियंता होते हे मी मुद्दाम सांगतो. पाणी अडवायचं कसं, उचलायचं कसं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण तिथे त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचं वेगळेपण पंपात नव्हतं. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही. या कलमांतलं एकही कलम जलशास्त्रातून निघत नाही. वाटणी न्याय्य कशाने होते, हक्क कशाला चिकटतो, गरज आणि हाव यांच्यात रेघ कुठे मारायची, हे तत्त्वज्ञानाचे सर्वांत जुने प्रश्न आहेत, आणि पुरंदरच्या कोरड्या माळावर एका अभियंत्याला ते सोडवल्याशिवाय पुढे जाता आलं नाही. त्याच महाराष्ट्रात धरणांची संख्या वाढत गेली, कालव्यांवर ऊस वाढत गेला, आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अभियांत्रिकी दोन्हीकडे होती.

आता जरा आपल्याच माणसांकडे वळतो. मानव्यविद्यांची बाजू घेणारे बरेचजण तिचं जास्त नुकसान करतात. साहित्य संवेदनशील बनवतं, विज्ञानाचा संदेश घरोघरी पोचवतं, असं ते गहिवरून सांगतात. म्हणजे आम्ही प्रचारखातं! समजा, ‘माळावर झाडं लावा’ हे सांगणारं एक उत्तम पथनाट्य बसवलं, गावोगाव केलं, लोकांचे डोळे पाणावले. जितकं नाटक चांगलं तितका जास्त माळ उद्ध्वस्त. संदेश तपासण्याआधी तो पोचवायला निघालेली कला निरुपयोगीच नाही, धोकादायक आहे. (कविता वाचायला माझी हरकत नाही. फक्त ती ठराव होण्याआधी वाचावी.)

दुसरा दोष आपल्या विद्यापीठांचा. दीपेश चक्रवर्ती यांचा हवामान आणि इतिहास यांवरचा निबंध २००९ साली आला आणि त्याने इतिहासाच्या चर्चेला खरोखर नवं वळण दिलं. पण त्यानंतर ‘अँथ्रोपोसीन’ हा शब्द शीर्षकात घालून जी चर्चासत्रं निघाली, त्यांत असे निबंध वाचले जातात की इंदापुरातल्या माणसाला तर सोडाच, शेजारच्या खुर्चीवरच्यालाही अर्थबोध होत नाही. एवढ्या शक्तीत एकेका तालुक्याचे जमाबंदीचे अहवाल मराठीत आले असते. गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. पाणी बायका आणतात, सरपण बायका आणतात. विहीर कधी आटायची, रानात कोणतं झाड होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्या ओव्या पर्यावरणाचा दस्तऐवज म्हणून वाचायला बसायचं तर वर्षं जातील आणि परदेशवारी मिळणार नाही. तिथे खरी अडचण असावी.

उलट बाजूचा भाबडेपणाही नको. देवराया टिकल्या म्हणून परंपरेत सगळंच शहाणपण होतं असं नाही. पाणवठ्यावरून दलितांना हाकलणारीही परंपराच होती. धनगराच्या ओवीत माळ आहे तसा लांडग्याचा द्वेषही आहे. जुनं ते सोनं म्हणणारा इतिहासकार आणि नवं तेच शास्त्र म्हणणारा तंत्रज्ञ, दोघेही कागद न वाचताच सही करतात.

राहिली घाईची सबब. तापमान थांबत नाही, तेव्हा हे सगळं वाचत बसायला वेळ आहे कोणाला? मला वाटतं, घाई आहे म्हणूनच वाचायला हवं. इंदापूरच्या मोजणीत ठरलेली नजर पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकली. आज घाईत ठरवलेली सदरं किती पिढ्या पुसता येणार नाहीत कोण जाणे. राजस्थान आणि गुजरातेत हे घडतंच आहे. सौर आणि पवन ऊर्जा हवी, ती निर्विवाद हवी. प्रकल्प उभे राहतात ते बहुधा ‘पडीक’ जमिनीवर, म्हणजे उरल्यासुरल्या माळढोकांच्या रानात, आणि वीजवाहिन्यांना धडकून ते अवजड पाखरू मरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्या टापूतल्या तारा भूमिगत करायला सांगितल्या. मार्च २०२४मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क घटनेच्या चौदाव्या आणि एकविसाव्या कलमात असल्याचं मान्य केलं. दोन्ही पारड्यांत पर्यावरणच आहे. एका पाखराच्या नष्ट होण्याची किंमत किती मेगावॅट, हे कोणत्या सूत्राने काढायचं? न्यायालयाने समिती नेमली ते योग्यच केलं. माझी मागणी त्याहून लहान आहे. महाराष्ट्रात यापुढे ज्या प्रस्तावात ‘उपलब्ध पडीक जमीन’ असा रकाना असेल, त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने छापावेत: ही जमीन कोणत्या सालच्या मोजणीत पडीक ठरली, आणि तेव्हा तिथे कोणाची मेंढरं चरत होती.